चरख्यावर कातलेली गिटार

आमच्या पडेगावच्या घरात कानाला उसंत म्हणून नव्हती. घर दोन खोल्यांचं आणि मधे पडवी. रस्त्याकडची खोली दादांच्या दुकानाला गेलेली. दादा म्हणजे माझे वडील. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. दादांनी मेंढरं सोडली आणि विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं काम शिकून घेतलं. दौलताबादच्या बाजूचे शेतकरी टेम्पोत मोटार टाकून आणायचे आणि ती होईस्तोवर आमच्याच ओट्यावर ठाण मांडून बसायचे. दादा जळकी तार छिन्नीनं तोडून काढायचे, नवी भरायचे, वर वार्निश पाजायचे आणि मोटार फरशीवर ठेवून चालू करायचे. ती घूं करून उठली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि आतून माय ओरडायची, "उठली ना? मग बंद करा आता तिला, भाकर करपल्याचा वाससुदिक येईना मला." ऐकू येत नसेल तर वास कसा येत नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती.

पडवीत धुरपदाआत्या बसायची. ती दादांची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी करून आणली तशी ही उठून माहेरी आली, आणि येताना तिनं भांडं आणलं नाही, कपडा आणला नाही, आपला चरखा तेवढा डोक्यावर घेऊन आली. घोंगड्या विणणारे तिला लोकर आणून द्यायचे, ती सूत कातून द्यायची. दिवसभर तो चरखा कुरकुरायचा आणि आत्याचं तोंडही त्याच्या बरोबरीनं चालायचं. सगळं माझ्याशी. मायला कामं होती, दादांना मोटारी होत्या, ऐकायला मी होते. घराला वार्निशचा आणि लोकरीचा मिळून असा एक वास होता की शाळेत माझ्या शेजारची पोरगी बाकाच्या पार टोकाला सरकून बसायची. मला तो वास आवडायचा. अजून कुठं ओल्या लोकरीचा वास आला तर मी थांबते, सून म्हणते काय झालं, मी म्हणते काही नाही, चल.

आता यात गिटार कुठून आली ते सांगते. शहराच्या छावणी भागात डेव्हिड सर म्हणून होते, चर्चमध्ये वाजवायचे आणि शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे. चित्रकलेत मी ठार ढ होते. सरांनी कंटाळून एक दिवस माझ्या हातात ब्रशऐवजी गिटार दिली, म्हणाले, बघ, इथं तरी काही जमतंय का. ते जमलं. बारावी होईपर्यंत मी त्यांच्याच गिटारवर वाजवत राहिले, त्यांच्याच व्हरांड्यात. शहरातल्या औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर मालतीबाईंचा बायकांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांची गिटारवाली लग्न होऊन नाशिकला गेली आणि गणपती तोंडावर आले, तेव्हा सर मला तिथं घेऊन गेले. बाईंनी ऐकलं, पान खात ऐकलं, आणि म्हणाल्या, "बोटं बरी आहेत तुझी. पण ही लाकडी पेटी मांडवात कुणाला ऐकू जाणार? इलेक्ट्रिक गिटार आण, मग बघू. पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी ये."

इलेक्ट्रिक गिटार आण म्हणे, जसं काही कोथिंबीर आण. आमच्या घरात तशी वस्तू विकत येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यात दादांनी माझं बीडच्या नर्सिंगचं ठरवून टाकलेलं. हॉस्टेल होतं, जेवण होतं, पुढं नोकरी होती. बापाच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं. अडचण एवढीच की रक्त बघितलं की मला घेरी यायची. दादांचं बोट छिन्नीनं कापलं होतं तेव्हा त्यांनी स्वतःचं बोट बांधायच्या आधी मला उचलून बाजेवर टाकलं होतं. असली नर्स. मी रडले, जेवले नाही, सगळे प्रकार केले. शेवटी दादा म्हणाले, "हे बग सुमन, मी काय कसाई नाय. तुला गिटार पाह्यजे ना, तर बनवू आपण. मोटार बनती तर ती बी बनंल. वाजली आन त्या बाईनं घेतलं तर ऱ्हा. नाय घेतलं तर सोमवारी बीडची एसटी. मंग रडायचं नाय." मी म्हटलं, नाही रडणार. पडवीतला चरखा तेवढा वेळ थांबला होता. एरवी कशावरही बोलणारी आत्या बीडचा विषय निघाला की गप्प बसायची, आणि मला तिचा राग यायचा, की माझ्या बाजूनं हिला एक शब्द बोलता येत नाही.

गिटार कागदावर आधी माझीच होती. मोटारीच्या खाचांत घालायचा जाड कागद दादांकडं असायचा, त्याचा मोठा तुकडा पडवीत पसरून मी वर आकार काढला. खालचा मोठा गोल परातीच्या काठानं, वरचा लहान ताटलीनं, कंबर हातानं. मांडीवर ठेवली तर निसटू नये आणि उभं राहून गळ्यात अडकवली तर मान खाली कलंडू नये, एवढं मला सरांच्या गिटारवरून कळत होतं. वरचे पडदे, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, धरायला डावा हात आत जावा म्हणून एका बाजूला खोलगट काप घेतला, त्याचं टोक शिंगासारखं वर आलं. दादा म्हणाले, मेंढ्याचं शिंग आलं की गं. राहू दे म्हटलं. पडद्यांच्या जागांची मात्र मी काही हुशारी केली नाही. कागदाची लांब पट्टी सरांच्या गिटारवर ठेवली आणि प्रत्येक पडद्यापाशी पेन्सिलची खूण केली. ती पट्टी मी झंपरात जपून घरी आणली, कारण तेवढीच एक गोष्ट चुकून चालणार नव्हती.

लाकडाचं काम सलीमचाचांकडं. आमच्या शेजारी त्यांचा कारखाना होता, कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि खाली भुसा. दारं, खिडक्या, पलंग. घरात ते दखनी बोलायचे, आमच्याशी अर्धी मराठी. त्यांनी माझा कागद भिंतीला लावून कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, "सुमन बेटा, दरवाजा बोल, बनाता. चौखट बोल, बनाता. ये क्या है, पहले मेरेकू समझा." मी समजावलं. मग त्यांनी शेडमागून एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट ओढत आणली. जुनं सागवान, किती पावसाळे खाल्लेलं. "ये अब मुडनेवाला नई. मुडना था सो मुड लिया इसने." त्याच चौकटीतून धड निघालं आणि त्यातूनच मानेची पट्टी. मान घडवताना ते थोडं रंधायचे आणि मला हाक मारायचे, "मूठ दिखा." मी मान मुठीत धरायची, ते माझ्या अंगठ्याकडं बघायचे, परत काचेच्या तुकड्यानं खरवडायचे. आजवर मी कितीतरी गिटारी हातात घेतल्या, भारी भारी घेतल्या, पण कुठल्याच गिटारची मान माझ्या हातात अशी बसली नाही. बसणार कशी, ती दुसऱ्या कुणासाठी केलीच नव्हती.

पडद्यांवरून मात्र आमचं वाजलं. पडदे सायकलच्या आऱ्यांचे करायचे ठरलं होतं, आरे कापून लाकडातल्या खाचेत ठोकून बसवायचे. चाचांनी माझी पट्टी मानेवर ठेवली आणि चष्मा वर केला. मानेच्या टोकाला खुणा दूर दूर आणि पुढं धडाकडं जाताना जवळ जवळ. "ये लाइनां आगे जाके तंग कायकू होरे? तेरा हात हिला क्या? मैं बराबर बांटके देता." आयुष्यभर जिन्याच्या पायऱ्या आणि खिडकीचे गज सारख्या अंतरावर बसवलेला माणूस तो, त्याला ते बघवेना. मी म्हटलं, चाचा, बराबर केलं तर बेसूर वाजेल. ते म्हणाले, बेसूर क्या होता? मी त्यांच्या शेडमधे बसून सा रे ग म गायले. त्यांची बायको, नूरचाची, खिचडी आणि चिंचेचा खट्टा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहून हसायला लागली. चाचा पट्टीकडं बघत म्हणाले, "अच्छा. तेरी मर्जी. पर कोई पूछा तो सलीम ने ऐसा नापा बोलके नक्को बोलना." आणि मग एकही खूण केसभर न हलवता त्यांनी सगळ्या खाचा पाडल्या.

तारा ताणायच्या किल्ल्या सरांनी एका मोडक्या गिटारच्या काढून दिल्या, तारा त्यांनीच. राहिलं ते तारांखालचं काळीज, ज्याला पिकअप म्हणतात. ते अवघड वाटू नये म्हणून आमच्या घरच्या भाषेत सांगते. सहा लोखंडी स्क्रू, खाली कपाटाच्या दाराला लावतात ते चुंबक, आणि स्क्रूंच्या भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार हलली की खाली या वेढ्यांमधे वीज हलते आणि ती भोंग्यातून आवाज होऊन बाहेर येते. दादांना हे एकदा सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी उलटी मोटार की. मोटारीत वीज घालून हलवितो, हितं हलवून वीज काढायची." आणि शहरातून बारीक तारेचं एक रीळ घेऊन आले. तार इतकी बारीक की उजेडात धरली तर दिसायची, सावलीत धरली की नुसती बोटांची चिमटी दिसायची.

ती तार काही केल्या भरली जाईना. दादांचं भरायचं यंत्र पंपाच्या जाड तारेचं; त्यानं एक झटका दिला की तट्. दादांनी हातानं भरून बघितली, तर वार्निशनं खरबरीत झालेल्या बोटांना ती अडकायची, तट्. मी घेतली, माझ्या हाताला घाम आणि डोक्यात रविवार, तट्. मी रडकुंडीला आले तेव्हा पडवीतून आत्या म्हणाली, "कामून वढायलीस तिला? वढू नगं. तिला येऊ दे." मी तोंड वाकडं करून म्हटलं, तू भर मग. तर ती खरंच उठली, चरख्याच्या चातीवरचं, म्हणजे फिरणाऱ्या लोखंडी काडीवरचं, सूत उतरवून ठेवलं आणि म्हणाली, आण. ज्यावर वेढे चढवायचे होते ती स्क्रू बसवलेली चौकोनी रिळी दादांनी मेणानं चातीच्या टोकाला बसवली. आत्यानं उजव्या हातानं चाक फिरवलं, डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार येऊ दिली, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. ती धरतही नव्हती आणि सोडतही नव्हती. वेढ्यावर वेढा चढत गेला. दादा हळूच म्हणाले, "आक्का, तू मोटारी भरायला पाह्यजे होतीस." ती म्हणाली, "गप बैस, मोजणी चुकंल." मोजणी कुणीच करत नव्हतं.

ती भरत बसली आणि मी उरलेले पडदे ठोकायला चाचांकडं गेले. संध्याकाळी आले तर काम झालेलं, रिळी तांब्याच्या रंगानं गरगरीत भरलेली, आणि आत्या परत आपली लोकर कातायला बसलेली. माझं काम झालं ही खुशी तिच्या तोंडावर होती, पण ती कौतुक करून घेणाऱ्यांतली नव्हती. माय म्हणाली, आज येसराची आमटी केलीय, धुरपदाआक्कासाठी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, त्याची आमटी आत्याच्या आवडीची. एवढंच काय ते कौतुक.

शनिवारी सकाळी सगळं जोडलं. चाचांनी चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश दिलं होतं आणि सागवान असं काही तांबूस उजळलं होतं की नूरचाची भिंतीवरून बघायला आली. दादांच्या दुकानात मांडववाल्याचा अँप्लिफायर भोंग्यासकट दुरुस्तीला आलेला होता, त्याला गिटार लावली. दादा रिळीला वार्निश पाजणार होते, मोटारीच्या रिवाजाप्रमाणं. मग म्हणाले, नको, आधी वाजू दे, वार्निश नंतर. तेवढं त्यांना सुचलं म्हणून आज मी हे लिहायला बसले आहे. वार्निशनं सगळे वेढे एकमेकांना चिकटून दगड झाले असते.

दादांनी बटण दाबलं. भोंग्यातून घूं आलं. मी तारांवर हात मारला. घूंच येत राहिलं. परत मारला. तारा हलताना दिसत होत्या, लाकडातून त्यांची बारीक किणकिण कानाला येत होती, आणि भोंगा मात्र एकसारखा घूं घूं करत होता. गिटार मुकी होती. दादांनी वायर बदलली, सॉकेट बदललं, खिळा लावून चुंबक बघितलं. सगळं जागेवर. दुकानात रिळी तपासायला दिव्याची वायर होती, पण ती मोटारीच्या जाड तारेसाठी. या केसाला लावली असती तर तो जळूनच गेला असता. उद्या रविवार. रिळावर नवी रिळी भरावी एवढी तार उरलेली नव्हती आणि शहरातलं दुकान शनिवारी बंद. मला बीडचं हॉस्टेल दिसायला लागलं, पांढरी चादर, आणि त्यावर मी बेशुद्ध.

दादांनी बटण बंद केलं. मग पडवीत जाऊन आत्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी सहज विचारलं, "आक्का, तार भरताना तुटली बिटली न्हवती ना?"

"तुटली की," आत्या म्हणाली. "दोनदा तुटली. जोडली मी."

"कशी जोडलीस?"

"कशी म्हंजी? जोडत्यात तशी." तिनं लोकरीचं सूत मधोमध तोडून दाखवलं, दोन्ही टोकं एकावर एक ठेवली, अंगठा जिभेला लावला आणि पीळ दिला. सूत अखंड झालं. कुठं तुटलं होतं ते ओढून बघितलं तरी कळेना.

सूत कातणारीला सूत तुटणं म्हणजे घटनाच नाही. ते तुटतच असतं, बोलता बोलता जोडायचं आणि पुढं जायचं. त्याचा कुणी गावभर बोभाटा करत नाही. तिनं तारेचंही तसंच केलं होतं, तेवढ्याच सफाईनं. पण या तारेवर लाखेसारखा एक पातळ लेप असतो, म्हणून तर वेढे एकमेकांना चिकटून असले तरी वीज आडवी पळत नाही. तो लेप न खरवडता टोकं पिळली की तार जोडलेली दिसते आणि वीज तिथंच अडते. दादांनी हे तिला सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. "तारेवर कापड असतंय आक्का. डोळ्याला दिसत नाय. ते काढून जोडावं लागतंय."

आत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला काय ठावं," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून परत तेच म्हणाली, "मला काय ठावं गं सुमे." मला तिच्याकडं बघवेना. मी जाऊन तिच्याजवळ बसले.

दादा म्हणाले, उलगडायची. सगळी उलगडायची, सांधे शोधायचे, खरवडून परत जोडायचे आणि परत भरायची. मी म्हटलं, दादा, त्या हजारो वेढ्यांत दोन सांधे कुणाला दिसणार? आणि उलगडताना अजून चार जागी तुटली तर? आत्यानंच पदराखालून हात काढले. "मला दिसायचं नाय," ती म्हणाली, "पर बोटाला कळंल. मीच केलाय ना पीळ."

मग आमच्या पडवीत असं काही काम सुरू झालं की रस्त्यानं जाणारा माणूस आम्हाला येडे म्हणून गेला असता. रिळी चातीवर, मी चाकाला नुसतं बोट लावून बसलेली, म्हणजे झटका बसू नये. समोर दादा रिकामं रीळ घेऊन तार गुंडाळणारे. आणि मधे आत्या, डोळे मिटून, तार दोन बोटांतून जाऊ देत. मायनं शेजारची पोरं अंगणातून पिटाळली, कोंबड्या पिटाळल्या, एक मोटारवाला आला होता त्यालाही पिटाळला. आमच्या घरात एवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मला मधूनच शिंक येईल अशी भीती वाटायची. बराच वेळ गेला आणि आत्या म्हणाली, "थांब." दादांनी भिंग घेऊन बघितलं. तिच्या बोटांच्या मधे, जिथं मला नुसती हवा दिसत होती, तिथं पिळाची एक बारीक गाठ होती. दादांनी सांधा सोडला, काडीच्या ज्योतीनं दोन्ही टोकांचा लेप जाळला, बारीक पॉलिशपेपरनं पुसला, पीळ आत्याकडून देववला आणि वर मोहरीएवढा कथलाचा डाग देऊन कागदाची चिंधी गुंडाळली. मग पुन्हा उलगडणं. दुसरा सांधा पार तळाशी निघाला. तो सापडेपर्यंत मला वाटायला लागलं होतं की दोनदा तुटली हे आत्या चुकीचं सांगतेय. ती चुकीचं सांगत नव्हती.

दुपार कलली तेव्हा तिनं परत भरायला घेतलं. या वेळी मी कुठं गेले नाही, दादाही गेले नाहीत, आणि तार एकदाही तुटली नाही. भरून झाल्यावर ती भिंतीला टेकली. चेहरा उतरलेला. दादांनी रिळी गिटारमधे बसवली, दोन टोकं जोडली, अँप्लिफायर लावला. बटण दाबलं, घूं आलं. मला तारांना हात लावायचं धाडस होईना. माय दारातून म्हणाली, "लाव की हात, चावती का काय ती." मी सगळ्यात जाड तार सोडली.

आवाज आला. किती मोठा ते आधी कुणी बघितलंच नव्हतं, भोंगा मांडवाचा होता आणि बटण दादांनी पूर्ण फिरवून ठेवलेलं. छपरावरची कबुतरं उडाली. मांडणीवरचं एक ताट खाली आलं. शेडमधून सलीमचाचा धावत आले, हातात रंधा तसाच, आणि दारात उभं राहून विचारते झाले, "ये अपनी है? ये अपनी लकडी बोलरी?" दादा हसायला लागले, तोंडाला हात लावून, खांदे हलवत. मी सा रे ग म वाजवलं, सरळ आणि उलटं, आणि प्रत्येक सूर जागेवर होता. हलकं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी गिटार घेऊन खालीच बसले. आत्या मात्र पडवीतून आली नाही. आवाज ऐकून तिनं एकदा मान हलवली आणि परत भिंतीकडं बघत बसली.

रविवारी मी आणि दादा रिक्षानं औरंगपुऱ्याला गेलो, गिटार घोंगडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. औरंगपुऱ्यात गर्दी अशी की शेवटचं गल्लीभर चालावं लागलं, आणि दादा सबंध वाटेत माझ्या पुढं दोन्ही हात पसरून चालत होते, लोकांनी धक्का मारू नये म्हणून. मालतीबाईंनी घोंगडी उघडायला लावली, गिटार उचलून वजन बघितलं, मानेवरून बोट फिरवलं. कुणी केली म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी दादांकडं बघितलं, मग वाजव म्हणाल्या. मी वाजवलं. मधे एकदा चुकले, पण थांबले नाही. बाईंनी पान थुंकलं आणि म्हणाल्या, "घूं जरा जास्त येतंय, ते बंद कर. सूर सरळ आहे. मंगळवारपासून तालमीला ये, आणि उशीर केलास तर परत पाठवीन." पुढं त्यांनी मला खूप वेळा परत पाठवलं, तो भाग वेगळा. खाली उतरल्यावर दादांनी मला काही न विचारता जिलबी घेतली, आणि रिक्षात ती पुडी घोंगडीवर ठेवून म्हणाले, "बीडला उद्या सांगावा धाडतो, पोरगी येत नाय म्हून." आणि बाहेर बघत बसले. त्यांचे डोळे भरले होते, मला ते बघून बरं वाटलं. त्यांनाही मला पाठवायचं नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं तोवर.

घरी आलो तर आत्या उंबऱ्यावर बसलेली. माय हळूच मला म्हणाली, कालपासून ही अशीच आहे, चरख्याला हात लावला नाही, ताटावरही बसली नाही. दादा मोठ्या तोऱ्यात सांगायला लागले, बाईंनी गिटार कशी उचलून बघितली, काय काय वाजवायला लावलं, सुमन कशी मधे चुकली आणि कशी सावरली. आत्यानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे रे. ती वाजली का नाय वाजली, मला काय करायचंय तिचं." मग माझ्याकडं वळली. "सुमे, तू जायलीस का हितंच ऱ्हायलीस, तेवढं सांग मला."

"इथंच हाय मी आत्या. कुठं बी जात नाय."

तिनं माझं मनगट धरलं. लोकर धरणारी ती बोटं, एरवी हलकी, त्या दिवशी तिनं इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तशीच ती रडली, आवाज न करता, आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मंग वाढ मला. लई भूक लागलीय." मी आत जाऊन ज्वारीची भाकर, आमटी आणि जिलबी असं सगळं एकाच ताटात घेऊन आले. ती तिथंच उंबऱ्यावर मांडी घालून जेवली, अजून एक भाकर मागून घेतली, आणि मी तिच्यासमोर बसून तिला जेवताना बघत राहिले.